चेरी कौंटी, नेब्रास्का: भूगोल आणि सुरुवातीचा इतिहास – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओमाहा किंवा डेन्व्हरहून साउथ डकोटाकडे गाडीने निघालं आणि हायवे २० किंवा ८३ धरला, की बराच वेळ खिडकीतून फक्त गवताळ टेकड्या दिसतात. मग प्रश्न सुरू होतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. एका उत्तराचा धागा दुसऱ्या उत्तरात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चेरी कौंटी नेमकी कुठे आहे आणि केवढी आहे?

नेब्रास्का राज्याच्या उत्तरेला, साउथ डकोटाला लागून. तिची उत्तर सीमा म्हणजे ४३ अंश अक्षांशाची सरळ रेघ. पश्चिमेला शेरिडन कौंटी, पूर्वेला ब्राउन आणि किया पाहा, दक्षिणेला ग्रँट, हूकर, थॉमस आणि ब्लेन. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे १५० किलोमीटर, दक्षिणोत्तर रुंदी सुमारे १००. क्षेत्रफळ साधारण १५,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढं. फरक माणसांचा. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाख लोक होते, चेरी कौंटीत २०२० मध्ये ५,४५५. त्यातले निम्म्याच्या आसपास एकट्या व्हॅलेंटाइन या मुख्य गावात राहतात. उरलेल्यांना जमीन किती आली याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

२. कौंटी म्हणजे आपला जिल्हा की तालुका?

कामकाज पाहिलं तर जिल्ह्याच्या जवळचं. न्यायालय, शेरीफ, जमिनीच्या नोंदी, मालमत्ता कर, ग्रामीण रस्ते हे सगळं कौंटीच्या हातात असतं. पण वरून नेमलेला जिल्हाधिकारी नसतो. कमिशनर आणि शेरीफ लोकांनी मत देऊन निवडलेले असतात. नेब्रास्कात अशा ९३ कौंट्या आहेत आणि क्षेत्रफळात चेरी सगळ्यांत मोठी. तिच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर सुरुवातीला ६६ असतं. हा आकडा १९२२ साली कोणत्या कौंटीत किती गाड्या नोंदल्या होत्या त्या क्रमावरून आला आहे. आकाराने पहिली असलेली कौंटी गाड्यांत ६६ वी होती, यावरून तेव्हाच्या वस्तीचा अंदाज येतो.

३. त्या टेकड्या वाळूच्या आहेत असं वाचलं. मग हे वाळवंट आहे का?

टेकड्या वाळूच्याच आहेत, पण वाळवंट नाही. या प्रदेशाला सँडहिल्स म्हणतात. नेब्रास्काचा सुमारे ५०,००० चौरस किलोमीटर भाग त्यात येतो आणि चेरी कौंटीचा बहुतेक भाग त्यातच आहे. पश्चिम गोलार्धात वाळूच्या टेकड्यांचा एवढा मोठा पट्टा दुसरा नाही. काही टेकड्या १०० मीटरहून उंच आणि कित्येक किलोमीटर लांब आहेत. वाऱ्याने रचलेल्या या टेकड्या आता गवताच्या मुळांनी जागच्या जागी धरून ठेवल्या आहेत.

वय विचाराल तर भूगर्भशास्त्राच्या हिशेबात हे कालपरवाचं काम आहे. गेल्या १०,००० वर्षांत दीर्घ दुष्काळ पडले तेव्हा तेव्हा गवत मेलं आणि वाळू चालू लागली. शेवटची मोठी हालचाल साधारण सात-आठशे ते हजार वर्षांपूर्वीची. इथल्या रँचवाल्याला, म्हणजे मोठ्या कुरणांवर गुरं पाळणाऱ्याला, हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. गवत गेलं की खाली काय आहे, हे त्याला ठाऊक असतं.

४. ब्लोआउट म्हणजे काय?

टेकडीवरचं गवत एका जागी गेलं, मग ते गुरांच्या खुरांनी असो, आगीने असो की गाडीच्या चाकांनी, की वारा तिथली वाळू उचलायला लागतो. खड्डा पडतो. त्याची कड ढासळते, कडेवरच्या गवताची मुळं उघडी पडतात आणि खड्डा आणखी वाढतो. काही वर्षांत टेकडीच्या माथ्यावर पांढुरकी, उघडी वाटी तयार होते. तिलाच ब्लोआउट म्हणतात. रँचवाले तिच्याभोवती कुंपण घालून गुरं दूर ठेवतात, आत जुनं वाळलं गवत पसरतात, कुणी जुने टायर टाकतात.

गंमत अशी की या उघड्या वाळूवरच जगणारं एक फुलझाड आहे, ब्लोआउट पेन्स्टेमन. निळसर जांभळी फुलं येणारी ही वनस्पती आज दुर्मीळ आणि संरक्षित आहे. गवत नीट राखलं गेलं आणि तिची जागाच कमी झाली.

५. पाऊस बेताचा, जमीन वाळूची. तरी एवढी तळी कशी?

जमीन वाळूची आहे म्हणूनच. व्हॅलेंटाइनला वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण पडलेलं पाणी वाहून जात नाही, सरळ खाली मुरतं. खाली ओगलाला हा प्रचंड जलधर खडकांचा थर आहे. सँडहिल्सखाली पाण्याने भरलेल्या या थराची जाडी काही ठिकाणी ३०० मीटरपर्यंत जाते. टेकड्यांमधल्या खोलगट जागी जमीन भूजलाच्या पातळीखाली गेली की तिथे तळं दिसतं. म्हणजे तळं हा भूजलाचाच उघडा पडलेला भाग. पातळीच्या थोडं वर राहिलेली जागा ओलसर कुरण होते आणि हिवाळ्यासाठी गवत कापायचं ते तिथूनच.

नद्यांचंही तसंच. नॉर्थ लूप आणि मिडल लूप या नद्यांना पावसापेक्षा झऱ्यांचं पाणी जास्त मिळतं, त्यामुळे त्यांचा प्रवाह वर्षभर फारसा बदलत नाही. नदी उन्हाळ्यात आटते आणि पावसाळ्यात चढते, हे आपलं गणित इथे लागू होत नाही.

६. नायोब्रारा नदीचं एवढं कौतुक का?

ती कौंटीच्या उत्तर भागातून पूर्वेकडे जाते आणि तिच्या दरीत झाडांची अशी भेसळ आहे की वनस्पतिशास्त्रज्ञ दुरून बघायला येतात. पश्चिमेकडचा पाँडेरोसा पाइन, पूर्वेकडची पानगळीची झाडं आणि उत्तरेच्या थंड अरण्यातला कागदी सालीचा बर्च, सगळे एका दरीत. बर्च हिमयुगानंतर इथे अडकून राहिलेला आहे. दक्षिण काठावरच्या थंड झऱ्यांनी आणि सावलीने त्याला तगवलं. १९९१ मध्ये नदीच्या ७६ मैल लांबीला राष्ट्रीय निसर्गरम्य नदीचा दर्जा मिळाला.

७. गोरे लोक येण्याआधी इथे कोण राहत होतं?

अठराव्या शतकाच्या आधीपासून प्लेन्स अपाची लोकांच्या वस्त्यांच्या खुणा सँडहिल्सच्या परिसरात सापडतात. पॉनी जमातीचे लोक शिकारीला येत. पुढे हा भाग लाकोटांच्या, विशेषतः सिचांगू म्हणजे ब्रूले लाकोटांच्या, शिकारीच्या टापूत आला. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८६८ च्या फोर्ट लॅरमीच्या तहात नॉर्थ प्लॅट नदीच्या उत्तरेला, बायसन (तिथले रानगवे) पुरेसे आहेत तोवर, शिकार करायचा हक्क त्यांनी राखून ठेवला होता. बायसन संपवले गेले. १८७५ मध्ये नेब्रास्कातला हा हक्क २५,००० डॉलर्सच्या मोबदल्यात सोडायला लावला. १८७८ मध्ये सिचांगूंची एजन्सी, म्हणजे त्यांचा कारभार पाहणारी सरकारी कचेरी, रोझबडला हलवली. ती आजच्या कौंटीच्या उत्तर सीमेपलीकडे, साउथ डकोटात आहे.

‘इथे कुणीच नव्हतं’ असं जुन्या प्रवासवर्णनांत वाचायला मिळतं, तेव्हा या तारखा शेजारी ठेवून वाचावं.

८. चेरी हे नाव झाडावरून आलं का?

नाही. लेफ्टनंट सॅम्युएल चेरी या घोडदळाच्या अधिकाऱ्यावरून. तो फोर्ट नायोब्रारावर नेमणुकीला होता आणि १८८१ मध्ये, लुटारूंच्या मागावर असताना, त्याच्याच तुकडीतल्या एका सैनिकाने त्याला गोळी घातली. दोन वर्षांनी, १८८३ मध्ये, कौंटी स्थापन झाली आणि त्याचं नाव तिला दिलं गेलं. चोकचेरीची झुडपं इथे भरपूर आहेत, म्हणून गैरसमज होतो.

९. आणि व्हॅलेंटाइन? प्रेमदिनाशी काही संबंध?

मूळ संबंध नाही. एडवर्ड व्हॅलेंटाइन हे त्या काळचे नेब्रास्काचे काँग्रेस सदस्य, गावाला त्यांचं नाव मिळालं. गावाने मात्र नावाचा पुरेपूर फायदा घेतला आहे. फुटपाथवर लाल बदाम रंगवलेले आहेत आणि फेब्रुवारीत लोक लांबून आपली पत्रं इथे पाठवतात, इथला शिक्का मारून पुढे जावीत म्हणून.

१०. फोर्ट नायोब्रारा कशासाठी बांधला?

रोझबडच्या लाकोटांवर (प्रश्न ७) नजर ठेवायला आणि वसाहतवाल्यांना धीर द्यायला. १८८० मध्ये उभा राहिला, १९०६ मध्ये लष्कराने सोडला. प्रत्यक्षात तिथे मोठी लढाई झालीच नाही. लष्कराला लागणारं धान्य, गवत, लाकूड यांच्या कंत्राटांवर आसपासचा व्यापार वाढला, आणि १८८२-८३ मध्ये रेल्वे आल्यावर व्हॅलेंटाइन गाव उभं राहिलं.

या किल्ल्याचा एक धागा फार लांब जातो. शेवटच्या काही वर्षांत इथे २५ वी पायदळ रेजिमेंट होती, तिचे सैनिक कृष्णवर्णीय. १९०६ च्या उन्हाळ्यात त्यांची एक बटालियन इथून टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिलला पाठवली गेली. ऑगस्टमध्ये तिथे गोळीबार झाला, आळ या सैनिकांवर आला आणि कोणताही खटला न चालवता राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ जणांना सन्मानाविना सैन्यातून काढून टाकलं. तो निर्णय रद्द व्हायला १९७२ उजाडलं. तोवर बहुतेक जण मरून गेले होते.

किल्ल्याची जमीन १९१२ मध्ये वन्यजीव अभयारण्य झाली. तिथे आज बायसनचा कळप आहे.

११. गुरंवाले इथे कधी आले?

टेक्सासहून कळप येत होते, पण सुरुवातीला ते टेकड्यांच्या कडेकडेने, नायोब्राराच्या काठाने राहत. आत गेलेलं जनावर परत येत नाही आणि माणूस तर हमखास वाट चुकतो, असा समज होता. तो चुकीचा तरी कसा म्हणावा? टेकडीवरून चहूकडे पाहिलं तर सगळ्या टेकड्या एकसारख्या दिसतात.

१८७९ मध्ये मार्चच्या हिमवादळाने न्यूमन रँचची गुरं टेकड्यांत हाकलली. काउबॉय नाइलाजाने शोधायला आत गेले. त्यांना गुरं जिवंत सापडली, एवढंच नाही, चांगली धष्टपुष्ट सापडली. सोबत कुणाच्याही मालकीचा डाग (छाप) नसलेली, आतच वाढलेली गुरंही मिळाली. वाऱ्यापासून आडोसा, खोलगट जागी पाणी आणि बर्फातूनही वर डोकावणारं गवत, सगळं आत होतं. त्यानंतर पाच-सहा वर्षांत टेकड्या कळपांनी भरल्या. गिऱ्हाईकही जवळ होतं: लाकोटांना शिधा म्हणून द्यायचं मांस सरकार याच रँचवाल्यांकडून विकत घेई. शिकार बंद केली आणि त्याच गवतावर वाढलेलं मांस शिध्यात वाटलं, हा व्यवहार पाठ्यपुस्तकात सहसा दिसत नाही.

१२. सरकार १६० एकर फुकट देत होतं ना? मग लोक का टिकले नाहीत?

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळत, अट पाच वर्षं राहून कसण्याची. आयोवाच्या काळ्या जमिनीत १६० एकरांत कुटुंब सुखाने राही. इथे नांगर घातला की गवताचं आवरण फाटायचं आणि शेत उडून जायचं (प्रश्न ४). गुरं पाळायची म्हटली तर एका गाय-वासराला वर्षभराला साधारण १५ ते २० एकर लागतात. म्हणजे १६० एकरांत आठ-दहा गाई. त्यावर घर चालत नाही.

वॉशिंग्टनला हे कळायला ४२ वर्षं लागली. १९०४ मध्ये ओनील गावचे काँग्रेस सदस्य मोझेस किंकेड यांच्या कायद्याने नेब्रास्काच्या ३७ कौंट्यांत ६४० एकर, म्हणजे एक चौरस मैल, मिळू लागले. सिंचनाखाली येऊ शकणारी जमीन वगळली होती. पाच वर्षं राहायचं आणि एकरी सव्वा डॉलरची सुधारणा करून दाखवायची. कायदा लागू झाला त्या दिवशी व्हॅलेंटाइनच्या लँड ऑफिसपुढे रांगा लागल्या. अशा वसाहतवाल्यांना किंकेडर म्हणतात. कौंटीची लोकसंख्या १९०० मध्ये ६,५४१ होती, १९१० मध्ये १०,४१४ झाली.

त्यांचं रोजचं जगणं असं: घर गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या विटांचं. वाळूची वीट भुगा होते, म्हणून ती ओलसर कुरणातून कापून आणायची. सरपण म्हणजे रानशेण्या, त्या पोरांनी गोळा करायच्या. पाणी पवनचक्कीने उपसायचं, आणि भूजल फार खोल नसल्यामुळे ते काम बरंच सोपं होतं.

६४० एकरांतही ३०-४० गाईच मावतात. म्हणून तेही अपुरंच ठरलं. पुढचं प्रश्न १५ मध्ये.

१३. रँचवाल्यांनी सरकारी जमिनीला कुंपण घातलं, हे खरं का?

खरं, आणि चोरून नव्हे. काटेरी तार स्वस्त झाल्यावर हजारो एकर सार्वजनिक जमीन कुंपणाआड गेली. १८८५ च्या कायद्याने हे बेकायदा ठरलं, पण अंमलबजावणी कोण करणार? चेरी आणि शेरिडन कौंट्यांत पसरलेली स्पेड रँच ऐन भरात सुमारे ५ लाख एकरांवर होती. तिचे मालक बार्टलेट रिचर्ड्स आणि विल कॉमस्टॉक यांनी १९०५ मध्ये गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली ३०० डॉलर्स दंड आणि सहा तास मार्शलच्या (केंद्र सरकारच्या पोलिस अधिकाऱ्याच्या) ताब्यात. रूझवेल्ट यांनी संतापून सरकारी वकील आणि मार्शल दोघांनाही घरी पाठवलं.

दुसऱ्या खटल्यात आरोप जास्त गंभीर होता: सैनिकांच्या विधवा वगैरेंच्या नावाने अर्ज करवून सरकारी जमीन लाटण्याचा कट. या वेळी एक वर्षाची कैद झाली. अपिलं चालली आणि तुरुंगवास १९१० मध्ये सुरू झाला. शिक्षा संपायच्या थोडं आधी, १९११ मध्ये, रिचर्ड्स कैदेतच वारले.

त्यांची एक बाजूही आहे आणि ती ऐकण्यासारखी आहे. ही जमीन मोठ्या तुकड्यांतच चालते, असं ते म्हणत होते. शंभर वर्षांनंतरचा नकाशा त्या म्हणण्याच्या बाजूने बोलतो. पण म्हणणं बरोबर असलं म्हणून दुसऱ्याच्या नावाने जमीन घेणं बरोबर ठरत नाही.

१४. डिविटी नावाचं कृष्णवर्णीयांचं गाव इथे होतं म्हणतात. नकाशात का सापडत नाही?

कारण आता ते नाही. ब्राउनलीजवळ, नॉर्थ लूप नदीच्या काठाने, १९०७ पासून कृष्णवर्णीय किंकेडर (प्रश्न १२) कुटुंबं येऊन वसली. बरीचशी नेब्रास्कातल्याच ओव्हर्टनहून आली होती. त्यांच्यापैकी काहींचे वाडवडील गुलामगिरीतून पळून कॅनडात गेलेले. एकसंध गाव असं नव्हतं. प्रत्येकाचा चौरस मैल वेगळा, त्यामुळे घरं नदीकाठाने लांबवर पसरलेली. पण शाळा होत्या, चर्च होतं, पोस्ट ऑफिस होतं आणि आसपासच्या गावांशी सामने खेळणारा बेसबॉलचा संघ होता. पोस्टाचं नाव आधी डिविटी, नंतर ऑडेशस, म्हणून जुन्या कागदांत दोन्ही नावं दिसतात. नेब्रास्कातली कृष्णवर्णीयांची ही सगळ्यांत मोठी आणि सर्वाधिक टिकलेली ग्रामीण वसाहत. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत शेवटची कुटुंबं गेली.

ते का गेले, याचं उत्तर बहुतांशी तेच जे बाकीच्या किंकेडरांचं. २०१६ मध्ये हायवे ८३ वर त्यांच्या आठवणीसाठी फलक लागला.

१५. मग जमिनी मिळाल्यावर लोक गेले कुठे?

मालकीचा पट्टा हातात आला की अनेकांनी शेजारच्या रँचला जमीन विकली. पहिल्या महायुद्धात गुरांचे भाव चढले होते तोवर तग धरता आला. १९२० मध्ये ११,७५३ लोक होते, हा उच्चांक. नंतर भाव कोसळले, मग मंदी आणि दुष्काळ. तेव्हापासून दर जनगणनेत आकडा खालीच आला आहे. गुरांचं मात्र उलट. मांसासाठी पाळलेल्या गाई आज अमेरिकेत सर्वाधिक याच कौंटीत आहेत.

१६. नकाशावर ‘नॅशनल फॉरेस्ट’ लिहिलंय. तिथे गवतच दिसलं. चूक कुणाची?

नकाशा बरोबर आहे. १९०२ मध्ये रूझवेल्ट यांनी इथे वनक्षेत्र राखून ठेवलं तेव्हा तिथे झाडं नव्हती. वाळूत पाइन लावले तर जंगल वाढेल, असा नेब्रास्का विद्यापीठातले चार्ल्स बेसी यांचा आग्रह होता. थॉमस आणि ब्लेन कौंट्यांकडच्या भागात लागवडीला बऱ्यापैकी यश आलं. चेरी कौंटीतलं मॅकेल्वी नॅशनल फॉरेस्ट मात्र बहुतांश गवताळ राहिलं आणि त्यात गुरं चरतात.

१७. सर्वांत मोठा धबधबा स्मिथ फॉल्स की स्नेक फॉल्स?

उंची विचारत असाल तर स्मिथ, सुमारे ६३ फूट, राज्यात सर्वांत उंच. पाणी किती पडतं ते विचारत असाल तर स्नेक. स्मिथ फॉल्स स्टेट पार्कमध्ये आहे, सहज बघता येतो. स्नेक फॉल्स खासगी जमिनीत आहे, तेव्हा निघण्याआधी चौकशी करावी.

१८. एकाच कौंटीत दोन वेळा कशा?

टाइम झोनची रेघ कौंटीच्या मधून जाते. व्हॅलेंटाइन सेंट्रल वेळेवर, पश्चिमेचं मेरिमन माउंटन वेळेवर, एक तास मागे. व्हॅलेंटाइनच्या कोर्टहाऊसमध्ये काम असलेला पश्चिमेकडचा माणूस घरून तासभर लवकर निघतो.

१९. जुन्या कागदात जमिनीचा पत्ता ‘सेक्शन, टाउनशिप, रेंज’ असा आहे. जागा कशी शोधायची?

जमीन सर्वेक्षणात सहा मैल बाय सहा मैलांच्या चौकटी पाडल्या, त्या टाउनशिप. प्रत्येकीत एक-एक चौरस मैलाचे ३६ सेक्शन. किंकेडरचे ६४० एकर म्हणजे बरोबर एक सेक्शन. टाउनशिपचा आकडा नेब्रास्काच्या दक्षिण सीमेपासून, ४० अंश अक्षांशापासून, उत्तरेकडे मोजतात. रेंजचा आकडा सहाव्या मुख्य रेखावृत्तापासून पश्चिमेकडे. म्हणून ‘टाउनशिप ३५ उत्तर’ दिसलं की ती जमीन साउथ डकोटाच्या सीमेला टेकलेली आहे, हे लगेच कळतं. मूळ पट्ट्यांच्या नोंदी केंद्राच्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर नाव टाकून विनामूल्य शोधता येतात. पट्ट्यानंतरची खरेदी-विक्री तिथे मिळत नाही. त्यासाठी व्हॅलेंटाइनच्या कोर्टहाऊसमधली दप्तरंच पाहावी लागतात.